ओमालिझुमॅब सुरू करताय? मग पंप आधी जपा

सांगलीहून एका गृहस्थांनी पत्नीबद्दल विचारलंय. वय 44, वजन 62 किलो, वीस वर्षांपासून दमा. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप पूर्ण डोसमध्ये चालू, जोडीला टायोट्रोपियम आणि रात्रीची मॉन्टेल्युकास्टची गोळी. तरी गेल्या वर्षभरात चार वेळा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्यांचा, कोर्स झाला आणि एकदा अॅडमिट व्हावं लागलं. अॅलर्जी टेस्टमध्ये धुळीतल्या किड्यांची अॅलर्जी निघाली, रक्तातलं एकूण आयजीई, म्हणजे अॅलर्जी घडवून आणणारं प्रथिन, 180. डॉक्टरांनी ओमालिझुमॅब, म्हणजे या आयजीईला अडवणारं दम्याचं इंजेक्शन, 300 मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी सांगितलंय. त्यांचे प्रश्न असे: हे सुरक्षित आहे का? एका वेळी दोन इंजेक्शनं का? घराजवळच्या कंपाउंडरकडून टोचून घेतलं तर चालेल का? पंप आणि गोळ्या कधी बंद होतील? आणि हे किती दिवस चालवायचं?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि हे इंजेक्शन बरीच वर्षं देतोय. आधी थोडक्यात सांगतो. औषध चांगलं आहे, जुनं आहे, अमेरिकेत 2003 पासून वापरात आहे. वहिनींची जी माहिती तुम्ही दिलीत त्यावरून सल्लाही योग्य वाटतो. इंजेक्शनची स्वतःची अशी रिअॅक्शन क्वचितच येते, ती आली तर सांभाळायची तयारी मात्र हवी. माझ्या पेशंटांचं जे नुकसान झालेलं मी पाहिलंय, ते बहुतेक वेळा इंजेक्शनच्या भरवशावर बाकीचं सोडून दिल्यामुळे झालेलं आहे. म्हणून या उत्तरात मी सुईइतकंच पंपाबद्दल आणि गोळ्यांबद्दल बोलणार आहे.

सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. आटोक्यात न येणारा प्रत्येक दमा हा तीव्र दमा नसतो. नेदरलँड्समधल्या पाहणीत दम्याच्या सुमारे 17 टक्के पेशंटांचा दमा आटोक्यात आणणं अवघड होतं. पण पंप नीट घेऊन, नियमित घेऊनही जो आवरत नाही असा खरा तीव्र दमा जेमतेम 3.7 टक्क्यांना होता. मधले सगळे लोक पंप चुकीचा घेणारे, मध्येच सोडणारे किंवा दुसरंच काही कारण असलेले. म्हणून पहिल्या भेटीत वहिनींना डॉक्टरांसमोर स्वतःचा पंप घेऊन दाखवू द्या. पंप दाबल्यावर धूर तोंडातून बाहेर येताना दिसला, म्हणजे औषध छातीत गेलं नाही. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, हळू आणि खोल श्वास घ्या, दहा सेकंद रोखा. एवढ्या दुरुस्तीने इंजेक्शनचा विषय संपलेले लोक मी पाहिलेत.

दुसरं, चालू असलेली बाकीची सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठी दिलेला टिमोलॉल किंवा बीपीसाठीचा प्रोप्रॅनोलॉल दमा बिघडवू शकतो. शिवाय हे बीटा ब्लॉकर गटातले आहेत. उद्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर अॅड्रेनलिन द्यावं लागतं, आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर त्याचा परिणाम कमी पडतो. लोक थेंबांना औषधात धरत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिसरं, दम्याच्या आड दुसरं काही दडलेलं नाही ना हे बघणं. आपल्याकडे अॅस्परजिलस बुरशीच्या अॅलर्जीने होणारा एबीपीए हा फुफ्फुसाचा आजार बऱ्यापैकी दिसतो. त्यात आयजीई सहसा हजाराच्या वर जातं, कफातून तपकिरी खडे पडतात, आणि उपचाराची दिशाच वेगळी असते. वहिनींचं आयजीई 180 आहे, त्यामुळे शक्यता कमी, तरी अॅस्परजिलसची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. जंताचंही तसंच. आयजीई हे शरीराचं जंतांशी लढायचंही हत्यार आहे, आणि हे औषध नेमकं त्यालाच अडवतं. मातीत काम असेल, अनवाणी वावर असेल, पोटाच्या तक्रारी असतील तर शौचाची तपासणी करून आधी जंतांचा उपचार उरकून घ्यावा.

रक्तातल्या इओसिनोफिलच्या (अॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) तपासणीची एक खुबी आहे. प्रेडनिसोलोन चालू असताना हा आकडा दबतो आणि खोटा कमी येतो. कोर्सच्या मध्येच केलेल्या रिपोर्टवर कुठलं इंजेक्शन द्यायचं हे ठरवू नये. जुने रिपोर्ट असतील तर सगळे घेऊन जा, त्यातला सर्वांत मोठा आकडा डॉक्टरांना उपयोगी पडेल.

आता डोस. ओमालिझुमॅबचा डोस वजन आणि उपचाराआधीचं आयजीई या दोन आकड्यांवरून तक्त्यात बघून ठरतो. 62 किलो आणि 180 आयजीईला दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम येतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय. 150 मिलिग्रॅमची बाटली किंवा सिरिंज असेल तर एका जागी एकच टोचतात, म्हणून दोन वेगळ्या जागी दोन टोचण्या. डबल डोस झाला असं समजू नका. आयजीई किंवा वजन जास्त असेल तर हेच औषध दर दोन आठवड्यांनीही द्यावं लागतं. शेजारच्या कुणाचा डोस वेगळा आहे म्हणून आपला चुकलाय असं वाटून घेऊ नका.

इथे एक घोळ वारंवार होतो. इंजेक्शन सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हौसेने आयजीई पुन्हा तपासतं, आकडा 180 वरून पाच-सहाशेवर गेलेला दिसतो आणि घरात घबराट उडते. अहो, तो वाढणारच. औषध आयजीईला चिकटून बसतं, आणि असं जोडीने फिरणारं आयजीई शरीरातून सावकाश बाहेर पडतं. त्यामुळे एकूण मोजणी वाढते, पण मोकळं, त्रास देणारं आयजीई घटलेलं असतं. इंजेक्शन थांबवल्यावरसुद्धा वर्षभर हा आकडा चढा राहू शकतो. म्हणून उपचार चालू असताना आयजीई तपासून डोस बदलायचा नसतो. पहिला, उपचाराआधीचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे कधीही लागतो. वजन मात्र बघत राहा. आठ-दहा किलोंचा फरक पडला तर डॉक्टरांना सांगा, डोस पुन्हा तक्त्यात बघावा लागेल.

इंजेक्शनच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कंपाउंडरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

या औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात अॅनाफिलॅक्सिसचा ठळक चौकटीतला इशारा असतो. तिथल्या औषध नियंत्रक एफडीएने तो 2007 मध्ये घालायला लावला. ही जिवावर बेतू शकणारी तीव्र अॅलर्जीची रिअॅक्शन. प्रमाण कमी आहे, साधारण हजारात एक ते दोन पेशंट. नोंद झालेल्या रिअॅक्शनपैकी सुमारे दोन तृतीयांश पहिल्या तीन डोसांत आल्या, आणि निम्म्याहून जास्त इंजेक्शननंतरच्या दोन तासांत. यावरूनच नियम आला: पहिल्या तीन डोसांनंतर दोन तास दवाखान्यात थांबायचं, पुढे दर वेळी अर्धा तास. पण सगळ्याच रिअॅक्शन दोन तासांत येत नाहीत. काही बारा-चोवीस तासांनी, काही त्याहूनही उशिरा आल्यात, आणि वर्षभर काहीही त्रास न झालेल्यांनाही क्वचित आल्यात. म्हणून इंजेक्शनच्या दिवशी रात्री एकटं राहू नका. दुसऱ्या दिवशी एसटीने लांबचा प्रवास असेल तर इंजेक्शनचा दिवस पुढे-मागे करा.

तर कंपाउंडर नको. त्याचा हात चांगला असेल, सुई दुखणारही नाही. पण जिथे अॅड्रेनलिन, ऑक्सिजन, सलाइन आणि ते वापरायचा सराव असलेला डॉक्टर हजर नाही, तिथे हे इंजेक्शन घ्यायचं नाही. सांगली-मिरजेत अशा सोयीची हॉस्पिटलं भरपूर आहेत, त्यामुळे ही अडचण तुम्हाला येऊ नये.

दुसरं कारण औषध तयार करण्याचं. तुम्हाला पावडरची बाटली मिळाली असेल तर तिच्यात 1.4 मिलिलिटर इंजेक्शनचं पाणी घालतात आणि बाटली उभी धरून हलक्या हाताने गोल फिरवतात. जोरात हलवायची किंवा खळखळवायची नाही, प्रथिन फेसाळून खराब होतं. मग दर पाच मिनिटांनी पाच-दहा सेकंद पुन्हा फिरवायचं. पूर्ण विरघळायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात, आणि चाळीस मिनिटांनीही गुठळ्या दिसत राहिल्या तर ती बाटली वापरायची नाही. शेवटी 1.2 मिलिलिटर दाटसर द्रव निघतो, तोही सावकाश, पाच-दहा सेकंद घेऊन टोचावा लागतो. गर्दीच्या वेळी घाईत असलेला माणूस इथे बाटली जोरात हलवतो आणि महागडं औषध वाया जातं. आमच्या डे-केअरमध्ये सिस्टर बाटली तयार करायला घेतात तेव्हा त्यांना दुसरं काम देत नाही. भरलेली सिरिंज मिळत असेल तर हा खटाटोप वाचतो. ती टोचायच्या आधी पंधरा ते तीस मिनिटं फ्रिजबाहेर ठेवायची, गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून तापवायची नाही.

अमेरिका आणि युरोपात आता भरलेली सिरिंज घरी स्वतः टोचायला परवानगी आहे. पण तीही पहिले तीन डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली विनारिअॅक्शन पार पडल्यावर, आणि कधी कुठल्याच गोष्टीने अॅनाफिलॅक्सिस झालेला नसेल तरच. परदेशातल्या नातेवाइकांचं बघून पहिल्या दिवसापासून घरी टोचायचा विचार करू नका.

रिअॅक्शन ओळखायची कशी, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. अंगावर गांधी उठणं, खाज, ओठ-जीभ-डोळे सुजणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, आवाज घोगरा होणं, अचानक धाप, चक्कर, पोटात जोरात कळ किंवा उलट्या. दम्याच्या पेशंटमध्ये चूक होते ती अशी: धाप लागली की घरचे दम्याचा अटॅक समजून पंपावर पंप देत बसतात. इंजेक्शननंतरच्या दिवसा-दोन दिवसांत धाप लागली आणि जोडीला गांधी, सूज किंवा चक्कर असेल तर पंप हा मुख्य इलाज नाही, अॅड्रेनलिन आहे. मोठ्या माणसाला ते अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. अॅड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे अॅम्प्यूल आणि सिरिंज जवळ ठेवायची का, आणि ती कशी वापरायची, हे पहिल्याच डोसला डॉक्टरांकडून शिकून घ्या. 108 ला फोन करा, पेशंटला आडवं झोपवून पाय उंच करा. धापेने झोपता येत नसेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. अशी रिअॅक्शन एकदा आली की हे औषध पुन्हा द्यायचं नाही.

डोसच्या दिवशी ताप, अंगात कणकण किंवा दमा नेहमीपेक्षा जास्त भरलेला असेल तर टोचायच्या आधी डॉक्टरांना सांगा. हे औषध चालू अटॅक थांबवत नाही. अटॅकसाठी पंप, नेब्युलायझर आणि हॉस्पिटल हाच रस्ता.

औषध तुम्ही स्वतः विकत आणून दवाखान्यात नेणार असाल तर फ्रिजचं सांभाळा. दोन ते आठ अंश, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, आणि दारातल्या कप्प्यात नको, कारण दार उघडलं की तिथलं तापमान वर-खाली होतं. नेताना आइसपॅकला खोका थेट चिकटू देऊ नका, मध्ये रुमाल घाला, नाहीतर औषध गोठतं. गोठलेलं औषध वितळलं तरी निकामीच. उन्हाळ्यात दिवसभर लाइट गेली आणि औषध किती तापलं याचा अंदाज नाही, तर न विचारता वापरू नका. बिल घ्या, बॅच नंबर एका वहीत लिहून ठेवा. कधी रिअॅक्शन आली तर पहिला प्रश्न बॅचचाच येतो.

आता पंप आणि गोळ्या. इंजेक्शनचा गुण सावकाश येतो. मोकळं आयजीई काही दिवसांत घटतं, पण अॅलर्जीच्या पेशींवरची त्याची चिकटायची जागा कमी व्हायला आठवडे लागतात. म्हणून गुण आला की नाही हे साधारण चार महिन्यांनी ठरवतात. मधल्या काळात नाउमेद होऊन सोडू नका. खरा धोका मात्र उलट बाजूने येतो. माझ्याकडच्या एका शिक्षिका बाईंना तिसऱ्या इंजेक्शननंतर फार बरं वाटायला लागलं. वर्षानुवर्षांनी रात्रभर सलग झोप लागली. त्यांनी पंप कपाटात ठेवून दिला. दिवाळीत फटाक्यांचा धूर आणि घरातली साफसफाई एकत्र आली आणि त्या आयसीयूत पोचल्या. इंजेक्शन वेळेवर चालू होतं तरीही. पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज धरून ठेवतं, ते काम इंजेक्शन एकटं करत नाही. सगळं वर्षभर उत्तम चाललं तरी पंपातलं स्टेरॉइड पूर्ण बंद करायचं नसतं. फार तर डॉक्टर डोस मध्यमावर आणतात.

कमी करायचा क्रम ठरलेला असतो: आधी तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड, मग मॉन्टेल्युकास्टसारखी जोडीची औषधं, आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी. वहिनींना स्टेरॉइडचे चार कोर्स झाले, पण मधल्या काळातही गोळ्या रोज चालू असतात का, हे तुमच्या प्रश्नातून कळलं नाही. रोज असतील, तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झाले असतील, तर एका दिवसात बंद करू नका. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावलेलं असतं. अचानक थांबवलं तर गळून जाणं, मळमळ, बीपी उतरणं, प्रसंगी शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं. प्रेडनिसोलोन 5 मिलिग्रॅमच्या आसपास आलं की सकाळचं कॉर्टिसॉल तपासून पुढचं ठरवतात. या काळात ऑपरेशन, मोठा ताप किंवा अपघात झाला तर समोरच्या डॉक्टरला सांगा की पेशंट लांब मुदतीच्या स्टेरॉइडवर होती. पाकिटात तशी चिठ्ठीच ठेवा.

स्टेरॉइड कमी करताना आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. क्वचित एखाद्या पेशंटमध्ये ईजीपीए नावाचा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार आधीपासूनच असतो, स्टेरॉइडखाली झाकलेला. गोळ्या कमी झाल्या की तो वर येतो. हातापायांना मुंग्या, पाय लुळा पडणं, पायांवर जांभळट पुरळ, दमा पुन्हा वाढणं. असं काही दिसलं तर पुढच्या डोसची वाट न बघता दाखवा.

बाकीचे दुष्परिणाम किरकोळ. टोचलेल्या जागी लाली, गाठ, डोकेदुखी. एक ते पाच दिवसांत ताप, सांधेदुखी आणि पुरळ एकदम आले तर कळवा. कॅन्सरबद्दल इंटरनेटवर वाचून लोक घाबरतात. सुरुवातीच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत 0.5 टक्के आणि न घेणाऱ्यांत 0.2 टक्के असा फरक दिसला होता. पुढे हजारो पेशंटांवर पाच वर्षं नजर ठेवल्यावर दोन्हीकडचं प्रमाण सारखंच निघालं. त्याच पाहणीत हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे त्रास औषध घेणाऱ्यांत थोडे जास्त दिसले. त्यांचा दमाही मुळात जास्त तीव्र होता, त्यामुळे दोष औषधाचाच असं ठाम म्हणता आलं नाही, तरी एफडीएने 2014 मध्ये माहितीपत्रकात तशी भर घातली. वहिनींना बीपी, शुगर किंवा हृदयविकार असेल तर सुरू करण्याआधी बोला.

खर्च मोठा आहे आणि तो दरमहा आहे, म्हणून हे आधीच मांडून घ्या. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीची कागदपत्रं काढा. विमा नियामक आयआरडीएआयने विमा कंपन्यांना ज्या आधुनिक उपचारांना संरक्षण द्यायला सांगितलं, त्यांच्या यादीत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा उल्लेख आहे, आणि ओमालिझुमॅब त्याच प्रकारातलं. पण कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालतात. पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी विचारा, तोंडी होकारावर जाऊ नका. पैशाअभावी तिसऱ्या डोसलाच थांबलात तर झालेला खर्चही फुकट जातो.

हेच एक इंजेक्शन आहे असंही नाही. इओसिनोफिल जास्त असलेल्या दम्यात मेपोलिझुमॅब 100 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी देतात, आणि बेनरालिझुमॅब 30 मिलिग्रॅम पहिले तीन डोस दर चार आठवड्यांनी, मग दर आठ आठवड्यांनी. त्यांचा डोस वजन-आयजीईवर ठरत नाही. मेपोलिझुमॅबच्या चाचण्यांत काही जणांना नागीण उठली होती, म्हणून त्याआधी नागिणीच्या लसीचं विचारून घ्यावं. चार महिन्यांत ओमालिझुमॅबचा गुण नाही आला तर इकडे वळता येतं, पण ते पुन्हा सगळं तपासून.

किती दिवस? गुण आला तर निदान वर्षभर तरी. त्यानंतर अटॅक नाहीत, तोंडाने स्टेरॉइड नाही, पंप नियमित आहे, असं असेल तर थांबवून बघायचा विचार डॉक्टरांसोबत करता येतो. थांबवल्यावर काहींचा दमा काही महिन्यांत पुन्हा उसळतो, काहींचा शांत राहतो. लग्नकार्य, गावाला जाणं यात एखादी तारीख हुकली तर लवकरात लवकर नेहमीचा एकच डोस घ्या, दोन एकत्र नको, आणि पुढच्या तारखा त्या दिवसापासून मोजा. गॅप फार मोठा पडला असेल तर पुन्हा पहिल्या डोससारखे दोन तास दवाखान्यात थांबा.